बरणीचे तोंड कोणासाठी बांधायचे?

श्वसनाचा पाठ शिकवताना आपण सगळेच एक वाक्य फळ्यावर लिहितो: ऑक्सिजन असेल तर यीस्ट साखरेचे पूर्ण ज्वलन करते, ऑक्सिजन नसेल तर त्याच साखरेपासून अल्कोहोल तयार करते. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुणही मिळवतात.

आता दुसरे चित्र पाहू. गोव्यात आणि वसईच्या परिसरात ख्रिस्ती घरांमध्ये नाताळसाठी द्राक्षाची वाइन घालण्याची जुनी रीत आहे. द्राक्षे कुस्करून, त्यात साखर आणि पाणी मिसळून सगळे चिनी मातीच्या बरणीत भरतात. तोंडाला फडक्याचा दादरा बांधतात आणि रोज लाकडी पळीने ते मिश्रण खालीवर करतात. काही घरांत हे ढवळणे दोन-तीन आठवडेही चालते. म्हणजे हवा बंद तर केलेली नाहीच, उलट रोज आत घातली जाते आहे. तरी बरणीत वाइन तयार होते!

मग चूक कोणाची? बरणीची की फळ्यावरच्या वाक्याची? या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला तर किण्वनाचे सारे शास्त्र हाती लागते. घरच्या साध्या साधनांनी वाइन कशी होते आणि कशी बिघडते हेही त्यातून समजते.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. शाळेत तर वाइन तयार करण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून वर्गासाठी लेखाच्या शेवटी दिलेला प्रयोग व्हिनेगरपाशी संपणारा आहे. वाटेतील विज्ञान मात्र तेच आहे.

साखरेचा जमाखर्च

द्राक्षाच्या रसात मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करा जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात. बाजारातील चांगल्या गोड द्राक्षांच्या एक लिटर रसात साधारण १८० ग्रॅम साखर असते असे धरू. हा आकडा सोयीचाही आहे, कारण ग्लुकोजचा रेणूभार १८० आहे.

किण्वनात ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे (म्हणजे आपण ज्याला नुसते अल्कोहोल म्हणतो त्याचे) दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार होतात. इथेनॉलचा रेणूभार ४६ आणि कार्बन डायऑक्साइडचा ४४. म्हणून १८० ग्रॅम साखरेपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. बेरीज जुळते. असा जमाखर्च मांडण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न लाव्हाझिए याने १७८९ च्या आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात केला होता. रासायनिक क्रियेच्या आधीचे आणि नंतरचे वस्तुमान सारखेच असले पाहिजे, हा विचार त्याने किण्वनाच्याच उदाहरणातून ठसवला.

आता या आकड्यांचा व्यवहारात अर्थ पाहू. ९२ ग्रॅम अल्कोहोलचे आकारमान होते सुमारे ११७ मिलिलिटर. म्हणजे वाइनमध्ये कागदावर साडेअकरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल यायला हवे. प्रत्यक्षात यीस्ट थोडी साखर स्वतःच्या वाढीसाठी वापरते, थोड्या साखरेचे ग्लिसरॉल व इतर पदार्थ बनवते. म्हणून लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेला १ टक्का अल्कोहोल असा ठोकताळा वापरतात. या हिशेबाने आपल्या रसाची साडेदहा टक्क्यांची वाइन होईल.

आणि वायू? ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड म्हणजे दोन मोल. २५ अंश सेल्सिअसला त्याचे आकारमान सुमारे ४९ लिटर भरते. एका लिटर रसातून जवळजवळ ४९ लिटर वायू! पाच लिटरच्या बरणीतून तो दोनशे लिटरांहून अधिक निघेल. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण घट्ट बुचाच्या बाटल्या का फुटतात याचे उत्तर त्यात आहे.

हवा की हवेतून आलेले काही?

किण्वनाला हवा लागते की नाही, हा वाद जुना आहे. १८१० साली गे-ल्युसॅक याने एक प्रयोग केला. हवेचा स्पर्श होऊ न देता द्राक्षाचा रस ठेवला तर तो तसाच राहिला, थोडी हवा आत सोडताच तो फसफसू लागला. त्याने निष्कर्ष काढला की किण्वन सुरू करणारा घटक ऑक्सिजनच असला पाहिजे.

निष्कर्ष तर्काला धरून होता. पण हवेबरोबर आणखी काही आत जात असेल तर? लेवेनहुक याने १६८० मध्येच बिअरच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक गोळे पाहिले होते, मात्र ते सजीव आहेत असे त्याला वाटले नव्हते. १८३७ च्या सुमारास कान्यार द ला तूर, श्वान आणि क्यूट्झिंग या तिघांनी स्वतंत्रपणे दाखवले की हे गोळे सजीव असून ते अंकुर फुटून वाढतात. श्वानने हवा आधी तापवून मग द्रवात सोडली. त्या हवेत ऑक्सिजन होता, पण किण्वन झाले नाही. म्हणजे किण्वन हवेने होत नव्हते, हवेबरोबर येणाऱ्या सजीवाने होत होते.

हा सजीव म्हणजे यीस्ट, एकपेशीय बुरशी. तिची पेशी साधारण ५ ते १० मायक्रोमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरच्या ओळीत शंभर ते दोनशे पेशी मावतील एवढी. वाइन, बिअर आणि पाव या तिघांचेही काम मुख्यतः एकाच जातीचे यीस्ट करते. तिचे नाव सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी.

यीस्ट हे द्राक्षाच्या सालीवरच असते, म्हणून द्राक्षे धुऊ नयेत असा सल्ला आपण ऐकलेला असतो. त्यात अर्धेच तथ्य आहे. निरोगी द्राक्षांच्या सालीवर यीस्टच्या इतर जातीच अधिक असतात, सॅकॅरोमायसिस फारच विरळ असते. कुस्करलेल्या रसात पहिले एक-दोन दिवस या इतर जातींचा जोर असतो. पण अल्कोहोल चार-पाच टक्क्यांवर गेले की त्यांतील बहुतेकींना ते सोसत नाही आणि त्या मागे पडतात. सॅकॅरोमायसिस मात्र दहा टक्क्यांच्या पुढेही तग धरते आणि बरणीचा ताबा घेते. सालीवरच्या जातींवर विसंबले तर निकाल बराचसा नशिबावर राहतो. म्हणून पहिल्यांदाच वाइन घालणाऱ्याला यीस्ट विकत घेऊन टाकण्याचा सल्ला देतात. सुरुवातीलाच त्याच्या पेशींची संख्या मोठी असली की नको त्या पाहुण्यांना जागा उरत नाही. आपण विरजण लावतो त्याच्यामागेही हेच तत्त्व आहे.

आपल्याकडच्या आसव-अरिष्टांमध्येही हेच घडते. द्राक्षासवात अल्कोहोल वरून घालत नाहीत. मनुका, गूळ वा साखर आणि धायटीची फुले यांचे मिश्रण भांड्यात संधानासाठी ठेवतात. किण्वनातून अल्कोहोल आपोआप तयार होते आणि तेच औषध टिकवते.

पहिले काही दिवस हवा का हवी?

आता बरणीकडे वळू. द्राक्षे कुस्करून भरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वायूच्या बुडबुड्यांनी साली वर उचलल्या जातात आणि पृष्ठभागावर जाड थर तयार होतो. (म्हणूनच बरणी तीन-चतुर्थांशच भरायची असते.) हा थर हवेत उघडा राहिला तर त्यावर बुरशी आणि इतर जीवाणू वाढू लागतात. रोज पळीने तो खाली दाबला की साली भिजत राहतात, रंग आणि चव रसात उतरते, आणि आत साठलेली उष्णता पसरते. उष्णतेचा मुद्दा आपल्या हवेत महत्त्वाचा आहे. यीस्टला २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. ३५ अंशांच्या वर त्याचे काम बिघडू लागते. किण्वनात स्वतःची उष्णता निर्माण होते, त्यामुळे बरणी घरातील गार कोपऱ्यात ठेवावी लागते.

ढवळण्याने थोडी हवाही आत जाते, आणि या टप्प्यावर ती उपयोगी असते. यीस्टच्या पेशीचे पटल बनवण्यासाठी एर्गोस्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्ले लागतात. ती तयार करण्याच्या साखळीत ऑक्सिजनचे रेणू खर्ची पडतात. ऑक्सिजन अजिबात मिळाला नाही तर काही पिढ्यांनंतर पेशींची पटले कमकुवत होतात, त्या अल्कोहोल सोसू शकत नाहीत आणि किण्वन अर्ध्यावर अडकते. थोडक्यात, यीस्टला येथे ऑक्सिजन हवा असतो तो साखर जाळण्यासाठी नव्हे, घर बांधण्यासाठी.

फळ्यावरचे वाक्य कोठे अपुरे पडते?

एखादा चौकस विद्यार्थी येथे म्हणेल, “सर, बरणीचे तोंड उघडे असले तरी आत ऑक्सिजन कुठे आहे?” हा आक्षेप अगदी रास्त आहे, आणि त्याचा हिशेब करून पाहावा. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जाळायला १९२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात विरघळतो तो सुमारे ८ मिलिग्रॅम. म्हणजे गरजेचा चोवीस हजारावा हिस्सा! यीस्ट तो लवकरच संपवते. पृष्ठभागातून नवा ऑक्सिजन सावकाश झिरपतो आणि वरून कार्बन डायऑक्साइडची झालर असते. तेव्हा दादरा बांधलेली बरणी हवेला उघडी दिसली तरी आतला रस जवळजवळ निर्वातच राहतो. इथपर्यंत फळ्यावरचे वाक्य टिकून आहे.

पण खरी परीक्षा पुढची आहे. द्राक्षरसात सतत हवेचे बुडबुडे सोडले तर काय होईल? आपल्या वाक्याप्रमाणे अल्कोहोल होऊ नये. प्रत्यक्षात ते होते! साखर भरपूर असेल तर सॅकॅरोमायसिस ऑक्सिजन हजर असतानाही अल्कोहोलच तयार करते. याला ‘क्रॅबट्री परिणाम’ असे नाव आहे. इंग्लिश जीवरसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट क्रॅबट्री याने १९२९ मध्ये अर्बुदाच्या पेशींत ग्लुकोज दिल्यावर श्वसन मंदावते असे दाखवले होते. पुढे यीस्टमधील अशाच वागणुकीलाही त्याचेच नाव मिळाले.

याचा सर्वांत चांगला पुरावा पावाच्या यीस्टच्या कारखान्यात मिळतो. तेथे अल्कोहोल नको असते, पेशी हव्या असतात. टाकीत पंपाने भरपूर हवा सोडतात, पण तेवढ्याने भागत नाही. मळी एकदम न ओतता थोडी थोडी, यीस्ट ती जितक्या वेगाने वापरेल तितक्याच वेगाने सोडावी लागते. साखरेचे प्रमाण वाढले की हवा असूनही यीस्ट अल्कोहोल करू लागते आणि पेशींचे उत्पादन घटते.

मग हे वाक्य आले कोठून? त्याचे मूळ पाश्चरच्या कामात सापडते. हवेत वाढवलेले यीस्ट तेवढ्याच साखरेत कितीतरी अधिक पेशी निर्माण करते आणि किण्वन कमी करते, हे त्याने १८६१ मध्ये मांडले. किण्वन म्हणजे हवेशिवायचे जीवन, ही त्याची कल्पना. निरीक्षण बरोबरच होते. पण साखर कमी असताना यीस्ट जसे वागते तसेच ते साखरेच्या महापुरातही वागेल असे नाही. द्राक्षरस म्हणजे यीस्टच्या दृष्टीने महापूरच.

यावर विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. किण्वनातून यीस्टला ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे अवघे दोन रेणू मिळतात. पूर्ण ज्वलनातून त्याच्या कितीतरी पट मिळतात. मग ऑक्सिजन असूनही यीस्ट हा तोट्याचा धंदा का करते? एक पटणारे उत्तर असे: बरणीत, किंवा झाडाखाली पडलेल्या पिकल्या फळात, यीस्ट एकटे नसते. किण्वनाचा मार्ग ऊर्जा कमी देत असला तरी तो वेगवान आहे. दुसऱ्यांच्या आधी साखर फस्त करायची, तिचे इतरांना न सोसणारे अल्कोहोल बनवायचे आणि साखर संपल्यावर, ऑक्सिजन मिळाला तर, तेच अल्कोहोल स्वतः खायचे, असा हा डाव आहे. साखर संपल्यावर यीस्ट हवेत अल्कोहोल जाळते हे प्रयोगशाळेत सहज दिसून येते.

तेव्हा वाक्य दुरुस्त करून लिहायचे झाले तर ते असे होईल: ऑक्सिजन नसताना यीस्ट साखरेपासून अल्कोहोल बनवते, आणि साखर भरपूर असेल तर ऑक्सिजन असतानाही बनवते.

मग तोंड का बांधायचे?

आता मूळ प्रश्न उरलाच. हवा असूनही अल्कोहोल तयार होत असेल तर वाइन घालणारे लोक पुढच्या टप्प्यात हवा बंद करण्याचा एवढा आटापिटा का करतात? कारण हवेची भीती यीस्टसाठी नसते. ती असते ॲसेटोबॅक्टर आणि त्याच्या नात्यातल्या जीवाणूंसाठी. हे जीवाणू इथेनॉलचे आधी ॲसिटाल्डिहाइड आणि मग ॲसेटिक आम्ल बनवतात. ॲसेटिक आम्ल म्हणजेच व्हिनेगरचा मुख्य घटक. या क्रियेला ऑक्सिजन लागतोच, त्याच्यावाचून हे जीवाणू वाढू शकत नाहीत. पाश्चरने १८६४ मध्ये व्हिनेगरवरचे आपले संशोधन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने दाखवले की वाइनच्या पृष्ठभागावरची पातळ साय हीच हे काम करणाऱ्या जीवाणूंची वसाहत असते. फळांभोवती घोंघावणारी चिलटे हे जीवाणू पायांवरून वाहून आणतात. म्हणून पहिल्या दिवसांत दादरा बांधायचा तो हवेसाठी नव्हे, चिलटांसाठी.

पहिल्या आठवड्यात वायूचा लोंढा बाहेर पडत असतो, त्यामुळे हवा पृष्ठभागाला फारशी टेकत नाही. किण्वन मंदावले की हे पांघरूण विरळ होते आणि धोका सुरू होतो. तेव्हा रस गाळून अरुंद तोंडाच्या बाटलीत, अगदी गळ्यापर्यंत भरतात. पृष्ठभाग जितका लहान तितकी हवा कमी. आता दोन अटी एकदम पाळायच्या असतात: आतला वायू बाहेर जायला हवा, बाहेरची हवा आत यायला नको. बुचातून सलाइनची नळी काढून तिचे दुसरे टोक पाण्याच्या पेल्यात बुडवले की दोन्ही अटी पाळल्या जातात. बुडबुडे पाण्यातून निसटतात, हवेला उलट वाट नसते.

घट्ट बूच लावले तर काय होईल याचा अंदाज शॅम्पेनवरून येतो. शॅम्पेन बनवताना तयार वाइनमध्ये लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर मुद्दाम घालून, यीस्टसह ती बाटलीत बंद करतात. एवढ्या साखरेने बाटलीत सहा वातावरणांइतका दाब तयार होतो, आणि त्यासाठी खास जाड काचेची बाटली लागते. म्हणजे आपल्या १८० ग्रॅमपैकी सातवा हिस्सा साखर शिल्लक असताना साध्या बाटलीला घट्ट बूच लावणे म्हणजे काचेचा बॉम्ब तयार करणे होय. घरगुती वाइनमध्ये इजा होण्याचा हा सर्वांत खरा धोका.

भांड्याची निवडही येथेच समजते. द्राक्षरसाचा पीएच साधारण ३ ते ४ असतो. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात आपण ताक ठेवत नाही, त्याच कारणाने तांबे, पितळ किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात रस आंबवू नये. आम्लात धातू उतरतो. काच सर्वांत उत्तम. चिनी मातीची बरणी चालते, पण जुन्या झिलईत शिसे असू शकते, हे लक्षात ठेवावे.

विषाची भीती किती खरी?

विद्यार्थी आणखी एक प्रश्न हमखास विचारतात. घरी केलेली दारू विषारी होते ना? मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा बातम्या मुलांनी ऐकलेल्या असतात.

हे बळी मिथेनॉलचे असतात. मिथेनॉलचे शरीरात आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनते. त्याने डोळ्यांची नस निकामी होते, रक्त आम्ल होते आणि मृत्यू ओढवतो. फळांच्या किण्वनात मिथेनॉल तयार होते का? होते, पण यीस्ट ते साखरेपासून बनवत नाही. सालीतील पेक्टिन या पदार्थाला मिथिल गट जोडलेले असतात. एन्झाइमच्या क्रियेने ते सुटतात आणि अल्प प्रमाणात मिथेनॉल बनते. तांबड्या वाइनसाठी आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने ठरवलेली कमाल मर्यादा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. मिथेनॉलची प्राणघातक मात्रा साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम मानतात. या मर्यादेच्या वाइनमधून तेवढे मिथेनॉल मिळायला ६० लिटर वाइन लागेल!

तेव्हा ज्या दारूने एका रात्रीत माणसे दगावतात, तिच्यातील मिथेनॉल किण्वनातून आलेले नसते. ते कारखान्यात द्रावक म्हणून वापरले जाणारे मिथेनॉल असते आणि स्वस्त म्हणून ते दारूत मिसळलेले असते. हा अपघात नव्हे, गुन्हा असतो. दोन्ही द्रव रंगहीन, वासानेही सारखेच, त्यामुळे पिणाऱ्याला फरक कळत नाही. दिसायला धूसर होणे, पोटात दुखणे, धाप लागणे ही लक्षणे कित्येक तासांनी दिसतात. अशा वेळी जराही वेळ न दवडता रुग्णालय गाठणे हाच उपाय. हे ज्ञान वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी जीव वाचवू शकते, म्हणून ते संकोच न करता सांगावे.

याचा अर्थ वाइन निरुपद्रवी आहे असा मात्र नाही. मद्य कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले आहे. मद्यपानाची कोणतीही मात्रा पूर्णतः सुरक्षित नाही, असे या संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. इथेनॉल हेही विषच आहे, फक्त मिथेनॉलपेक्षा सावकाश काम करणारे.

वर्गात करून पाहा

साहित्य: बिया नसलेली हिरवी द्राक्षे, पावाचे कोरडे यीस्ट, दोन सारख्या अरुंद तोंडाच्या बाटल्या, एक रुंद तोंडाची काचेची बरणी, सलाइनची नळी, चुन्याची निवळी, हळद, ड्रॉपर, स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा आणि जमल्यास माशांच्या टाकीचा छोटा पंप.

द्राक्षे कुस्करून रस गाळून घ्या. रसात तेवढेच उकळून गार केलेले पाणी मिसळा. पाणी मिसळल्याने अल्कोहोल कमी होते आणि पुढे व्हिनेगर लवकर होते. प्रत्येक भांड्यात हे मिश्रण २०० मिलिलिटर आणि चिमूटभर यीस्ट घाला.

बाटली ‘अ’ला बूच लावून नळी चुन्याच्या निवळीत सोडा. निवळी दुधी झाली की नळी साध्या पाण्यात ठेवा. बरणी ‘ब’च्या तोंडाला फडके बांधा. बाटली ‘क’मध्ये पंपाची नळी तळापर्यंत सोडून हवा चालू ठेवा आणि तोंडावर फडके सैल ठेवा. फेस फार आला तर हवा कमी करा. कोणतीही बाटली घट्ट बंद करू नका, आणि कोणत्याही टप्प्यावर कोणीही चव घेऊ नये. वास घ्यायचा तो हाताने वारा घेऊन.

‘अ’चे वजन नळी काढून रोज त्याच वेळी करा. रसात १८ टक्के साखर असेल तर २०० मिलिलिटर मिश्रणात ती सुमारे १८ ग्रॅम होते. त्यातून उडून जाणारा वायू ८.८ ग्रॅम. आठवडाभरात वजन आठ ग्रॅमच्या आसपास घटले, तर लाव्हाझिएचा जमाखर्च तुमच्या वर्गातल्या काट्यावर उतरला असे समजा. घट कमी आली तर विद्यार्थ्यांना कारणे शोधू द्या. द्राक्षे कमी गोड असतील, थंडी असेल किंवा यीस्ट जुने असेल.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिन्ही भांड्यांचा वास घ्या. ‘क’मध्ये अल्कोहोलचा वास येतो का, हा खरा प्रश्न आहे. हवेच्या बुडबुड्यांबरोबर थोडे अल्कोहोल उडून जाते, त्यामुळे वास तोंडाशी लगेच जाणवतो. तो आला की ‘क’चा पंप काढून ती बरणी ‘ब’मध्ये ओता.

आम्लता मोजण्यासाठी नमुन्याचे पाच थेंब घेऊन त्यात चिमूटभर हळद घाला आणि पिवळा रंग तांबूस होईपर्यंत चुन्याची निवळी थेंबाथेंबाने मिसळा. दर आठवड्याला ‘अ’ आणि ‘ब’ यांना किती थेंब लागले त्याचा आलेख काढा. ‘अ’चा आकडा फारसा हलत नाही. ‘ब’चा आकडा चार ते आठ आठवड्यांत चढत जातो आणि व्हिनेगरचा वास येऊ लागतो. पृष्ठभागावर साय दिसली तर ती पाश्चरने पाहिलेलीच साय. हिरवी किंवा काळी बुरशी आली तर मात्र सगळे टाकून द्या. प्रयोग संपताना ‘अ’ही ‘ब’मध्ये ओता आणि त्याचे व्हिनेगर होऊ द्या. हे व्हिनेगर खाण्यासाठी नाही. प्रयोगशाळेच्या काचा त्याने छान स्वच्छ होतात.

शेवटी विद्यार्थ्यांना विचारा: तोंड उघड्या ‘ब’ बरणीत अल्कोहोल तयार झाले होते, याचा पुरावा काय? कोणीतरी म्हणेल, तिसऱ्या दिवशीचा वास. ते बरोबर आहे, पण वास ही प्रत्येकाची साक्ष वेगळी. याहून भक्कम पुरावा बरणीतच आहे. ॲसेटिक आम्लाचे जीवाणू आपले आम्ल अल्कोहोलपासून बनवतात. आधी अल्कोहोल झाले नसते तर व्हिनेगर झालेच नसते. हे उत्तर एखाद्या मुलाने स्वतःहून दिले, तर पाठ केलेले वाक्य विसरले तरी चालेल.